लाकडी जहाजाच्या प्रतिकृतीची बारीक दुरुस्ती: मराठवाड्याच्या कोरड्या हवेत काम करणाऱ्यांसाठी

मराठवाड्याला समुद्र नाही, पण जहाजाचे आकर्षण इथे नवे नाही. अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे जहाज रंगवलेले आहे. ज्या सातवाहनांची राजधानी पैठणला होती, त्यांच्यापैकी यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यांवरही दोन डोलकाठ्यांचे जहाज दिसते. आज आपल्या घरांत जहाज येते ते बहुधा कोकणच्या सहलीतून, पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून, फूट-दीड फुटाची लाकडी प्रतिकृती म्हणून. घरी येऊन खोके उघडले की कठड्याचे दोन खांब निखळलेले असतात, एखादा दोर लोंबकळत असतो आणि डोलकाठी किंचित कललेली असते.

मी छत्रपती संभाजीनगरला राहतो. माझ्या स्वतःच्या दोन आणि नातेवाइकांच्या पाच-सहा प्रतिकृती मी दुरुस्त केल्या आहेत. पहिल्या गलबताच्या वेळी मे महिन्यात त्याच्या अंगावरच्या फळ्यांमध्ये बारीक फटी दिसल्या, म्हणून मी त्या रंगकामाच्या लांबीने, म्हणजे पुट्टीने, गच्च भरल्या आणि घासून गुळगुळीत केल्या. जुलैत हवेत ओल आली, फळ्या फुगल्या, त्यांना सरकायला जागा उरली नाही आणि एक फळी मधोमध उचलली गेली. समुद्रकाठच्या दमट हवेत तयार झालेले लाकूड आपल्याकडे आले की आकसते, पावसाळ्यात पुन्हा फुगते, आणि दुरुस्ती या हालचालीला धरूनच करावी लागते, हे मला तेव्हा समजले. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच अनुभवावर बेतलेल्या आहेत.

लागणारे साहित्य

बहुतेक वस्तू जवळच्या बाजारात मिळतात. फक्त त्या वेगवेगळ्या धंद्यांच्या दुकानांतून गोळा कराव्या लागतात.

- टोकदार आणि वाकड्या तोंडाचे दोन चिमटे. घड्याळ दुरुस्तीचे किंवा सोनारकामाचे सामान विकणाऱ्यांकडे चांगले मिळतात.
- हाताने फिरवायचे पेनाएवढे ड्रिल, म्हणजे पिन व्हाइस, आणि ०.५ ते १ मि.मी. जाडीची पाती. ही पाती बारीक असल्याने मोडतात, म्हणून प्रत्येक मापाची दोन-तीन घ्या.
- बारीक कानशींचा संच, कटरची नवी पाती, आणि २२०, ४०० व ६०० क्रमांकाचा पॉलिश पेपर.
- पांढरा सुतारी गोंद, दोन नळ्यांचा इपॉक्सी गोंद आणि झटपट चिकटणाऱ्या गोंदाची एक लहान नळी.
- पॉलिएस्टरचा शिलाईचा दोरा, दोन जाडींचा, तपकिरी आणि गडद अशा दोन रंगांत. मधमाश्यांच्या मेणाचा छोटा खडा.
- अगरबत्तीच्या बांबूच्या काड्या आणि सुताराकडून आणलेले सागवानाचे पातळ तुकडे.
- तांब्याची बारीक तार. शेतीपंपांच्या मोटारी आणि उन्हाळ्यात कुलरचे पंखे जळत असल्यामुळे आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावी मोटार रिवाइंडिंगचे दुकान असते. तिथे जाऊन 'भाऊ, २६ आणि ३० गेजची हातभर तार द्या' एवढे सांगितले की पुरते. २६ गेजची तार साधारण ०.४५ मि.मी. आणि ३० गेजची ०.३ मि.मी. जाड असते, आणि प्रतिकृतीवरच्या कड्या व आकडे करायला हीच जाडी लागते.
- बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात. ते लाकडावर सुकले की पांढरे डाग राहतात. पुसायला आणि रंग पातळ करायलाही डिस्टिल्ड पाणीच वापरा.

१. आधी थांबा, नोंद करा

नवी प्रतिकृती घरी आल्याबरोबर गोंदाची नळी हातात घेऊ नका. तिला खोक्यातून काढून, उन्हापासून आणि कुलरच्या झोतापासून दूर, दोन-तीन आठवडे नुसती ठेवा. या काळात लाकूड घरच्या हवेला सरावते. जे सैल व्हायचे ते सैल होते आणि खरी मोडतोड किती आहे ते समजते. निखळलेला प्रत्येक तुकडा, अगदी तांदळाएवढासुद्धा, झाकणाच्या डबीत ठेवा.

त्याच दिवशी चारही बाजूंनी आणि वरून छायाचित्रे काढा. दोर कुठल्या खुंटीवरून निघून कुठे बांधला आहे हे दाखवणारी जवळून घेतलेली छायाचित्रे सर्वांत महत्त्वाची आहेत. दोर सुटल्यानंतर तो मुळात कुठे होता हे आठवणीने सांगता येत नाही, आणि नवशिक्यांचा सर्वाधिक वेळ इथेच जातो.

२. धूळ काढा, पण फुंकू नका

चित्रकलेचा मऊ, रुंद कुंचला घेऊन वरून खाली धूळ झटका. दोरांमधली धूळ काढताना कुंचला दोराच्या दिशेने फिरवा. आडवा फिरवला तर जुना, कुजलेला दोरा तुटतो. चिकटलेला मळ डिस्टिल्ड पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या कापसाने टिपून घ्या आणि लगेच कोरड्या कापसाने पुसा.

जुन्या प्रतिकृतीवरील नांगर किंवा तोफा शिशाच्या असतील आणि त्यांवर पांढरी पूड दिसत असेल, तर विशेष जपा. ती शिसे गंजून तयार झालेली पूड असते आणि विषारी असते. मास्क व हातमोजे घाला, ओल्या कापसाने ती टिपून कापूस पिशवीत बांधून टाका, आणि हे काम मुलांपासून व स्वयंपाकघरापासून दूर करा.

३. जुना गोंद ओळखा

जुन्या गोंदावर नवा गोंद नीट धरत नाही, म्हणून आधी जुना काढावा लागतो आणि त्यासाठी तो कोणता हे कळावे लागते. न दिसणाऱ्या जागी सांध्यावर कोमट पाण्याचा एक थेंब ठेवून पंधरा मिनिटे वाट पाहा. गोंद दुधाळ होऊन मऊ पडला तर तो पांढरा सुतारी गोंद आहे. फार जुन्या वस्तूत सरस, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला गोंद, असेल तर तोही कोमट पाण्याने नरम होतो. पाण्याचा काहीच परिणाम झाला नाही आणि गोंद काचेसारखा कडक व ठिसूळ असेल, तर तो बहुधा झटपट गोंद असतो. तो अ‍ॅसिटोनने सुटतो. नेलपॉलिश काढायचे द्रव घेत असाल तर त्यात अ‍ॅसिटोन आहे का ते बाटलीवर वाचून घ्या. अ‍ॅसिटोन रंग, व्हार्निश आणि प्लास्टिकही विरघळवते, आणि झटकन पेट घेते. त्यामुळे ते टूथपिकच्या टोकाने, फक्त सांध्यात, खिडकी उघडी ठेवून लावा. इपॉक्सी असेल तर केस वाळवायच्या यंत्राच्या उष्णतेने तो थोडा नरम पडतो आणि मग सुईने खरवडता येतो.

४. प्रमाण ठरवा

नवा भाग करण्याआधी प्रतिकृतीचे प्रमाण माहीत हवे. १:७२ प्रमाणात १६५ सें.मी. उंचीचा माणूस २३ मि.मी.चा होतो, ९० सें.मी.चा कठडा साडेबारा मि.मी.चा आणि ३ सें.मी. जाडीचा दोर जेमतेम ०.४ मि.मी.चा होतो. १:४८ प्रमाणात हीच मापे दीडपट करा. सहलीत घेतलेल्या प्रतिकृतींना एकच एक प्रमाण बऱ्याचदा नसते. अशा वेळी हिशोब सोडून द्या आणि शेजारच्या शाबूत खांबाचे, शाबूत दोराचे माप घ्या. नवशिक्यांचा दोरा जवळजवळ नेहमी जाड असतो. शंका असेल तेव्हा बारीक दोरा निवडा.

आपली प्रतिकृती कोणत्या नावेची आहे याचाही विचार करा. गुराब हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे मोठे लढाऊ जहाज, तर गलबत त्याहून लहान आणि वल्ह्यांवरही चालणारे. तिरक्या शिडाच्या लहान देशी नावेवर दोर मुळातच थोडे असतात. युरोपीय जहाजाच्या चित्रात पाहिलेल्या दोरांच्या शिड्या गलबतावर चढवून ते 'भरगच्च' करण्याचा मोह टाळा, कारण त्याने त्या नावेचे स्वरूपच हरवते.

५. कठडा

सर्वांत जास्त तुटतो तो कठडा. उचलताना हात नेमका तिथेच पडतो, आणि कोरड्या हवेत खांबाचे बूड आकसून भोकात सैल होते.

खांब शाबूत असून फक्त सैल असेल, तर भोकातला जुना गोंद शिवणाच्या सुईने खरवडून काढा. खांबाच्या बुडाभोवती पांढरा गोंद लावलेल्या पातळ कागदाचा एकच वेढा द्या आणि तो भोकात बसवा. इथे झटपट गोंद वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे: खांब सरळ करायला जे दोन मिनिट लागतात ते तो देत नाही, आणि कडक असल्यामुळे लाकूड हलले की तडकतो.

नवा खांब करायचा असेल तर अगरबत्तीच्या काडीवरचा मसाला पूर्ण खरवडून घ्या. सोनार तार बारीक करण्यासाठी भोके पाडलेली पोलादी पट्टी वापरतात. तिच्यातून काडी मोठ्या भोकाकडून लहान भोकाकडे एकेक टप्प्याने ओढली की हव्या त्या जाडीची गोल काडी मिळते. काडीचे टोक आधी कटरने निमुळते करा, पट्टी घट्ट पकडा आणि पकडीने ती एका दमात ओढा. मधे थांबलात तर तिथे बांबूचे तंतू उचलले जातात. नक्षीदार खांब हवा असेल तर सागवानाची बारीक काडी विजेच्या ड्रिलच्या तोंडात धरून, ड्रिल संथ गतीने फिरवत, त्रिकोणी कानशीने खाचा पाडा. सागवान तेलकट असते, म्हणून चिकटवण्याआधी त्याचे टोक अ‍ॅसिटोनने पुसून घ्या, नाहीतर सांधा काही महिन्यांत सुटतो.

जहाजाचा काठ पुढे आणि मागे उंच, मधे खोल असा वळत जातो. नवे खांब मोजून सारख्या लांबीचे कापले आणि डोळ्यांना सरळ वाटावेत असे बसवले, तर वरची पट्टी या वळणाशी जुळत नाही आणि दुरूनही वेडीवाकडी दिसते. त्यासाठी खांब गरजेपेक्षा २ मि.मी. लांब कापा. पुठ्ठ्याच्या पट्टीवर खांबांमधले अंतर आखून ती पट्टी काठावर टेकवा आणि त्या खुणांवर एकेक खांब चिकटवा. गोंद रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी शाबूत कठड्याच्या दोन टोकांना दोरा ताणून खांबांवर त्याची रेघ उमटवा, रेघेपर्यंत खांब कापा आणि लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेल्या ४०० क्रमांकाच्या पेपरने सगळे माथे एकत्र, एका पातळीत घासा. माथ्यांवरून बोट फिरवल्यावर कुठेही अडखळले नाही, की मगच वरची पट्टी बसवा. खांब आणि पट्टी एकाच बैठकीत चिकटवण्याची घाई करणाऱ्यांना दोन्ही उखडून पुन्हा करावे लागतात.

पट्टी वळवायची असेल तर ती अर्धा तास गरम पाण्यात भिजवून, बाटलीच्या अंगाला कापडी पट्टीने बांधून सुकवा. ओली पट्टी थेट जहाजावर चिकटवली तर ती वाळताना खांब ओढून घेते.

६. डोलकाठी

डोलकाठी मोडली असेल तर मोडलेली कड मुळीच घासू नका. दातेरी कडा एकमेकींत जितक्या नेमक्या बसतात तितका सांधा तुम्हाला हाताने करता येणार नाही. दोन्ही तुकड्यांत मधोमध १ मि.मी.चे भोक पाडा, पितळी तारेचा १० ते १२ मि.मी. लांबीचा तुकडा आत घाला आणि इपॉक्सीने जोडा. दोन्ही भाग सारख्या प्रमाणात घेऊन नीट मिसळल्याशिवाय इपॉक्सी कधीच पूर्ण कडक होत नाही. सांधा वाळला की त्यावर बारीक दोऱ्याचे आठ-दहा वेढे शेजारी-शेजारी घट्ट द्या. खऱ्या जहाजांवरही तडकलेल्या डोलकाठीला दोराचे वेढे देत, त्यामुळे हे वेढे दुरुस्ती म्हणून वेगळे दिसत नाहीत.

डोलकाठीचे बूड मात्र जहाजात कायमचे चिकटवू नये. ते लाकडाच्या पातळ पाचरीने बसवले तर पुढच्या दुरुस्तीला डोलकाठी काढता येते.

७. दोर

या कामात घाई चालत नाही, आणि मन लावून केले तर प्रतिकृतीला जीव येतो तो इथेच.

जुना दोरा सुती असेल तर तो ऋतूप्रमाणे वागतो: पावसाळ्यात ओल धरून आखडतो आणि उन्हाळ्यात सैल पडतो. मे महिन्यात सैल दिसला म्हणून तो ओढून घट्ट केला, तर आषाढात तोच दोर डोलकाठी वाकवतो. सुती दोरे शाबूत असतील तर उन्हाळ्यातला थोडा ढिलेपणा राहू द्या. बदलायचेच असतील तर पॉलिएस्टर दोरा वापरा. ओलाव्याने त्याची लांबी फारशी बदलत नाही.

दोरा मेणाच्या खड्यावरून दोन-तीनदा ओढा आणि चिमटीत धरून त्यावरून बोटे भराभर फिरवा, म्हणजे बोटांच्या उबेने मेण आत मुरते आणि दोऱ्याची लव बसते. डोलकाठीला आधार देणारे, जागचे न हलणारे दोर गडद रंगाचे घ्या. शीड वर-खाली करणारे दोर फिकट तपकिरी, काथ्याच्या रंगाचे घ्या.

आधी डोलकाठीला आधार देणारे दोर बांधा, मग शिडाचे. आतले आधी, बाहेरचे नंतर. उलट क्रमाने गेलात तर चिमटा आत पोहोचत नाही. प्रत्येक दोर सुरुवातीला नुसता अडकवून ठेवा. एका बाजूचा एक दोर ताणला की समोरच्या बाजूचा त्याच्या जोडीचा दोर ताणा, आणि दर वेळी जहाजासमोर डोळ्यांच्या पातळीवर बसून डोलकाठी सरळ आहे का पाहा. नखाने हलके दाबल्यावर दोर १ ते २ मि.मी. आत जावा, इतपतच ताण ठेवा.

आडव्या काठीला दोर बांधताना, जनावराचे दावे खुंट्याला बांधताना दोन वेढे एकमेकांवर आडवे घालून जी गाठ मारतात, तीच मारा. ती घसरत नाही आणि आकारानेही लहान राहते. गाठ पक्की करायला एक भाग पांढऱ्या गोंदात तीन भाग पाणी मिसळून तो थेंब कुंचल्याने लावा. झटपट गोंद दोऱ्यावर लावला की दोरा काळपट व चकचकीत होतो आणि त्याच जागी ठिसूळ होऊन तुटतो. शिवाय हा गोंद सुती कापडावर सांडला तर एकदम तापतो आणि चटका बसतो, म्हणून सुती रुमाल मांडीवर ठेवून त्याच्याशी काम करू नका. टोक कापताना शेजारच्या दोराखाली व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा सरकवा, मग पात्याचा चुकीचा वार त्यावर पडतो.

खुंटीवर लोंबणारे दोराचे वेटोळे जहाजावर करता येत नाही. लाकडी फळीवर २ सें.मी. अंतराने दोन टाचण्या ठोका, फळीवर प्लास्टिकचा तुकडा पसरा, दोरा टाचण्यांभोवती सहा-सात वेळा फिरवा आणि पातळ गोंद लावा. पूर्ण वाळण्याआधी, दोरा अजून वाकतो आहे तोवर, वेटोळे काढून खुंटीवर टांगा आणि खालचा भाग चिमट्याने किंचित दाबा. दोर स्वतःच्या वजनाने लोंबत असल्यासारखा दिसतो. हे न करता टांगलेले वेटोळे कडीसारखे ताठ उभे राहते.

८. कड्या आणि आकडे

तारेवरचा इनॅमलचा थर पॉलिश पेपरने काढा. तार जाड सुईभोवती स्प्रिंगसारखी, वेढे चिकटून येतील अशी गुंडाळा, सुई काढा आणि वेढ्यांवर लांबीच्या दिशेने कटरचे नवे पाते दाबून चालवा. एकदम वीस-पंचवीस सारख्या कड्या पडतात. कडी उघडताना तोंडे बाजूला सारा, फाकवू नका, नाहीतर तिचा गोल आकार जातो. लोखंडासारखा रंग येण्यासाठी मॅट काळ्या रंगाचा पातळ हात पुरतो.

९. फटी आणि रंग

फळ्यांमधल्या फटी भरण्याचा योग्य काळ दसरा-दिवाळीनंतरचा आहे, कारण तेव्हा लाकूड ना पूर्ण फुगलेले असते ना पूर्ण आकसलेले. त्याच लाकडाचा मैद्यासारखा बारीक भुसा पांढऱ्या गोंदात कालवून भरा. फक्त लक्षात ठेवा, गोंद लागलेल्या जागी लाकडाचा पॉलिश शोषला जात नाही आणि फिकट डाग राहतो. म्हणून सांडलेला गोंद तत्काळ ओल्या कापसाने पुसा.

अ‍ॅक्रिलिक रंग वाळल्यावर गडद होतो, त्यामुळे छटा पुठ्ठ्यावर लावून, वाळवून मगच जुळवा. उन्हाळ्यात रंग कुंचल्यावरच सुकतो. पहाटे काम करा आणि ओल्या फडक्यावर बटर पेपर पसरून त्यावर रंग काढा. कुलर चालू असताना रंगकाम करू नका, त्याच्या झोताबरोबर आलेली धूळ ओल्या रंगात बसते. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात द्या आणि शेवटी मॅट व्हार्निश लावा. चकचकीत व्हार्निशने दुरुस्तीची प्रत्येक जागा उठून दिसते.

१०. ठेवण्याची जागा

काचपेटी हवीच, पण झटपट गोंद वापरला असेल तर दोन-तीन दिवस प्रतिकृती मोकळ्या हवेत राहू द्या. कोंडलेल्या पेटीत त्याची वाफ काचेवर आणि रंगावर पांढरी बसते. पेटीच्या मागच्या बाजूला खाली आणि वर दोन-दोन बारीक भोके ठेवा आणि त्यांवर आतून जाळीचे कापड चिकटवा. शिशाचे भाग असलेल्या प्रतिकृतीला ही भोके फारच गरजेची आहेत, कारण बंद पेटीत लाकडातून निघणाऱ्या आम्ल वाफांनी शिसे गंजते. पेटी पश्चिमेच्या भिंतीला आणि कुलरसमोर ठेवू नका. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या आषाढात पेटी उघडून दोर नखाने दाबून पाहा. एखादा तारेसारखा ताठ झाला असेल तर त्याची खुंटीवरची गाठ ओल्या कुंचल्याने नरम करून दोर केसभर सैल सोडा, आणि गाठ वाळल्यावर पेटी बंद करा.